‘वरून आलं’ म्हणजे कुठून?

तहसील कार्यालयात निराधार योजनेच्या टेबलापुढे होणारं बोलणं फार थोडक्यात आटोपतं. “माय, तुमचं नाव उडालं.” “काहून उडालं बाप्पा?” “थे आता वरूनच आलं.” एवढं ऐकून बाई गावाकडची गाडी पकडायला निघते. नांदगाव खंडेश्वर असो, दर्यापूर असो की अकोला जिल्ह्यातलं बार्शीटाकळी, बोलणं साधारण हेच. कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर तेवढ्या वेळात बरंच काही झालेलं असतं. सरकारी अधिकाराने एका बाईचा महिन्याचा पैसा बंद झालेला असतो आणि त्याचा एका ओळीचाही कागद तिच्या हातात नसतो.

सगळं घोडं इथेच अडतं. कागद नाही म्हणून अपील नाही. वकील गाठलाच तर त्याचा पहिला प्रश्न असतो, “आदेश कुठंय?” आणि आदेश तर तोंडी. अशा वेळी गावातला कोणीतरी जाणता माणूस सांगतो की कोर्टकचेरीच्या भानगडीत पडू नको, पंधराशे रुपयांसाठी पाच हजार घालवशील. सल्ला मनापासूनचा असतो, पण चुकीचा. त्या बाईला वकील फुकट मिळतो आणि तो तिचा हक्क आहे. त्यासाठी अमरावतीलाही जावं लागत नाही.

आधी योजना थोडक्यात. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अनाथ मुलं, दिव्यांग, क्षय-कर्करोगासारख्या आजाराने कामातून गेलेली माणसं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका, असे पासष्टच्या आतले निराधार तिच्यात येतात. पासष्टी झाली की श्रावणबाळ योजना. जुलै २०२३ मध्ये दोन्हींत महिना १,५०० रुपये झाले. अर्ज सेतूवरून तहसिलीत, तिथून चौकशीला तलाठ्याकडे, तिथून तालुक्याच्या समितीपुढे. समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांनी नेमलेला अशासकीय माणूस, म्हणजे बहुधा पक्षाचा कार्यकर्ता. मंजुरी मिळाली तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा आणि मधूनमधून उत्पन्नाचाही. यातल्या कुठल्याही पायरीवर नाव गळू शकतं.

पैसा थांबला की नाव कटलंच असंही नाही. अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतं. बाईने मध्येच कुठल्या कर्जासाठी किंवा गॅसच्या सबसिडीसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि तिथे आधार जोडलं, की पैसा गुपचूप त्या खात्यात जाऊ लागतो. जुन्या पासबुकात भोपळा, नव्या पासबुकाची आठवणच नाही. तेव्हा वकिलाच्या आधी बँक. आपलं आधार सध्या कुठल्या बँकेला जोडलेलं आहे, हे विचारून घ्यावं. तिथेही काही सापडलं नाही, तर मग नाव खरंच उडालेलं आहे.

आता ते ‘वरून आलं’. या उत्तराचा समाचार सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच घेतलेला आहे. प्रकरण निराधारांचं नव्हतं, सिनेमाचं होतं. गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमागृह बांधायचं होतं. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी आधी नकार दिला, मग जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली आणि दोन-अडीच महिन्यांत ती रद्द केल्याचं पत्र पाठवलं. पत्राचा सूर असा, की हे कळवण्याची सरकारने मला आज्ञा केली आहे. प्रकरण कोर्टात गेल्यावर मात्र आयुक्त प्रतिज्ञापत्रावर सांगू लागले की निर्णय माझाच होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते चालू दिलं नाही. परवानगी रद्द करण्याचा अधिकार नियमांनी आयुक्तांना दिला होता, सरकारला नाही. मग ज्याला अधिकार आहे त्यानेच स्वतः विचार करून निर्णय घ्यायचा, वरच्याचा निरोप्या व्हायचं नाही. दुसरं असं की सरकारी आदेश त्यात जे लिहिलं आहे त्यावरूनच वाचायचा, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या खुलाशावरून नाही. बोस सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. वऱ्हाडातल्या माणसांचे खटले तेव्हाही नागपूरलाच चालत, त्यामुळे ‘वरून आलं’ हे त्यांच्या कानावर अगदीच नवं नसावं, असं मला आपलं वाटतं. पुढे १९७७ साली, मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूक प्रकरणात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हाच दाखला देऊन नियम पक्का केला: आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रातून चिकटवता येत नाहीत.

तहसिलीच्या टेबलाला हे जसंच्या तसं लागू पडतं. नाव समितीने कापलं असेल तर समितीचा ठराव असायला हवा. तहसीलदाराने कापलं असेल तर त्याच्या सहीचा आदेश हवा आणि दोन्हींत कारण हवं. कारण लिहिलेलं नसेल तर आदेश लंगडा. लिहिलेलं असेल तर तेवढंच खोडून काढायचं, त्याच्या पलीकडचं काही नाही.

म्हणून पहिलं काम कागद मिळवण्याचं. साध्या कोऱ्या पानावर, तहसीलदारांच्या नावे: माझे अनुदान अमुक महिन्यापासून जमा झालेले नाही; ते कोणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेस व कोणत्या कारणास्तव बंद केले, त्या आदेशाची प्रत मिळावी आणि त्यावर अपील कोणाकडे करायचे ते कळवावे. दोन प्रती न्यायच्या. एक टपालाच्या टेबलावर द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती घरी आणायची. हीच पोच. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच. “साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा” म्हटलं की ठेवून यायचं नाही. पोच मिळतच नसेल तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती सांभाळायची.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्याच्या चौथ्या कलमातच म्हटलं आहे की प्रशासकीय निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला त्या निर्णयाची कारणं सरकारने द्यायला हवीत. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही माफ. मुदत तीस दिवसांची. इथे एक खुबी आहे. “माझं नाव का कापलं?” असं विचारलं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही असं छापील उत्तर येतं. म्हणून ‘का’ विचारायचं नाही, कागद मागायचे: माझ्या प्रकरणातल्या टिपणीची नक्कल, तलाठ्याचा चौकशी अहवाल, समितीच्या त्या सभेचं इतिवृत्त, अनुदान बंद केल्याचा आदेश. हे चार कागद हातात आले की ‘का’ आपोआप कळतं. बरेचदा असंही कळतं की आदेशच नाही. नायब तहसीलदाराच्या टिपणीवर एक टिचकी मारलेली असते, किंवा अहवालात ‘लाभार्थी मयत’ लिहिलेलं असतं आणि ती मयत बाई अर्ज घेऊन समोर उभी असते.

जिच्यावर वेळ आलेली असते तिला हे सगळं स्वतः करणं जमेलच असं नाही. विधी सेवा इथे कामाची. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या बाराव्या कलमात फुकट वकील कोणाला, याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतला माणूस, आपत्तीत सापडलेला, शिवाय उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेला कोणीही. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला तीन लाख आहे. आणि स्त्री व मूल. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. तहसिलीत जिचं उत्पन्न जास्त ठरवून नाव कापलं, तिला कोर्टात वकील मागताना उत्पन्नाचा दाखला दाखवावाच लागत नाही. दुसऱ्या कोणाला दाखवावा लागला तरी साधं प्रतिज्ञापत्र सहसा पुरतं.

अनेक वकिलांनाही पटकन आठवत नाही असा भाग म्हणजे या कायद्यातली ‘विधी सेवा’ची व्याख्या. ती फक्त खटल्यापुरती नाही. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा इतर प्राधिकरणापुढच्या कामात मदत करणं आणि कुठल्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणं, हे दोन्ही तिच्यात बसतं. म्हणजे तहसीलदाराला द्यायचा अर्ज लिहून देणं, जिल्हाधिकाऱ्यांकडचं अपील तयार करणं, नोटीस पाठवणं ही सगळी विधी सेवाच. गरिबी निर्मूलनाच्या योजनांचा लाभ मिळवून देण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५ साली वेगळी योजनाच काढली. निराधारांचं अनुदान त्यात चपखल बसतं. अधिकारी दाद देत नसेल तर विधी स्वयंसेवकाने ते प्राधिकरणाच्या कानावर घालावं आणि प्राधिकरणाने त्या खात्याकडे पाठपुरावा करावा, असा तिचा आशय.

नांदगावात ही मदत मिळते तालुका न्यायालयाच्या आवारात, तालुका विधी सेवा समितीकडे. समितीचे अध्यक्ष तिथले न्यायाधीश असतात. अर्ज एका पानाचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथला माणूस लिहून घेतो. अर्जावरचा निर्णय शक्यतो त्याच दिवशी आणि फार तर सात दिवसांत व्हावा, असं २०१० चे विनियम सांगतात. नकार मिळाला तर त्यावरही अपील आहे. कोर्ट फी, टायपिंग, नकलांचा खर्च, वकिलाचं शुल्क सगळं समितीकडे. तालुक्याला जाणं होत नसेल तर १५१०० हा फुकटचा क्रमांक आहे.

आता खरं सांगायचं तर तालुक्याच्या पॅनलवरच्या वकिलाला खावटी आणि फौजदारी जामिनाची जेवढी सवय असते तेवढी निराधार अनुदानाची नसते. मानधनही बेताचंच. काही जण फाईल घेऊन बसून राहतात. अशा वेळी वकील बदलून मागता येतो, समितीकडे तसा अर्ज द्यायचा. पण माझ्या मते वकिलाच्या हुशारीपेक्षा त्याच्या लेटरहेडवर गेलेली दोन पानांची नोटीस इथे जास्त कामाची असते. ती आवक नोंदवहीत चढली की तिला उत्तर द्यावंच लागतं आणि उत्तर देण्यासाठी कोणालातरी ती फाईल उघडावी लागते. बरीचशी नावं तेवढ्यानेच परत यादीत येतात.

नाव कापायला वापरली जाणारी कारणं बघितली तर उत्पन्नाचं कारण ठळक दिसतं. या योजनांची उत्पन्नमर्यादा बरीच वर्षं कुटुंबाला २१,००० रुपये राहिली, दिव्यांगांसाठी ५०,०००. वर्षाला एकवीस हजार म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. अडुसष्ट दिवस कामाला गेलं की २१,२१६ रुपये होतात आणि माणूस ‘सधन’ ठरतो. म्हणजे एका खात्याने तेव्हा कबूल केलेले कामाचे शंभर दिवस खरोखरच मिळाले, तर दुसऱ्या खात्याच्या लेखी ती बाई निराधार उरत नाही. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाखांची. असल्या आकड्यापुढे कोर्टही फारसं काही करू शकत नाही, कारण मर्यादा किती ठेवायची हा सरकारचा धोरणाचा प्रश्न. पण कोणाचं उत्पन्न मोजलं, हे मात्र तपासता येतं. वेगळं रेशनकार्ड असलेल्या, पुण्यात कंपनीत लागलेल्या मुलाचा पगार आईच्या नावे मांडलेला असतो. सोयाबीन-तुरीच्या दोन एकरांचं उत्पन्न पीक बुडालेल्या वर्षीही चांगल्या वर्षाच्या हिशेबाने धरलेलं असतं. वकिलाने बोट ठेवायचं ते इथे. उत्पन्नाचा दाखलाच मिळत नसेल तर तो लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ च्या कक्षेतला विषय. मुदतीत दाखला नाही किंवा नकाराचं लेखी कारण नाही, तर आधी दोन अपिलं कार्यालयातच आणि तिसरं आयोगाकडे. आयोगाचा विभागीय आयुक्त अमरावतीलाही आहे. चुकलेल्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘मुलगा आहे ना, मग कसली निराधार?’ या प्रश्नाला कायद्यात वेगळं उत्तर आहे. मुलगा पोसत नसेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याच्याकडून निर्वाहभत्ता मागता येतो. आई सहसा मागत नाही, ही गोष्ट वेगळी.

अमरावती विभागात या विषयाची एक बाजू अशी आहे की तिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने ती नियमात बांधली: तीस हजार हातात, सत्तर हजार कुटुंबाच्या नावे ठेव. पण त्यासाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. नापिकी होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, ते थकलं होतं का, तगादा होता का, हे सगळं तपासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. कर्ज गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराचं असेल तर त्याला कागद नाही. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असेल तर मेलेला माणूस शेतकरी कशावरून, असा प्रश्न. चौकशी अहवालात ‘व्यसन’, ‘आजारपण’, ‘घरगुती वाद’ असा एखादा शब्द आला की फाईल अपात्र. तो शब्द आलेला असतो बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच्या पोलीस जबाबातून, घरात प्रेत असताना कोणीतरी काहीतरी बोललं त्यातून.

या निर्णयालाही तोच कायदा लागू. अपात्र ठरवल्याचं पत्र मागायचं, समितीच्या सभेचं इतिवृत्त मागायचं, आणि ज्या कारणाने अपात्र ठरवलं त्याला उत्तर देणारे कागद जोडून फेरचौकशीचा अर्ज द्यायचा: सोसायटीचा थकबाकीचा दाखला, बँकेची नोटीस, पीक पाहणीचा उतारा, सातबारावर सासऱ्याचं नाव असेल तर एकत्र कुटुंबाचा पुरावा. अर्जदार स्त्री असते, म्हणून वकील फुकट. आणि अडचण एक लाखापाशी थांबत नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायकांशी बोलून पाहणी केली, तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे चाळीस टक्के बायकांना नवऱ्याच्या शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. हिंदू वारसा कायद्याने बायको पहिल्या वर्गाची वारस, मुलांच्या बरोबरीची. फेरफार झाला नाही की सातबारा नाही, सातबारा नाही की पीककर्ज नाही आणि पीकविमाही अवघड. म्हणून विधी सेवेच्या अर्जात अनुदानाबरोबर वारस नोंदीचीही मदत मागून घ्यावी, एकाच फेरीत काम होतं.

बाहेरच्या जगाशी ताडून पाहिलं तर गंमत दिसते. ब्रिटनमध्ये भत्ता नाकारला की आधी खात्याकडे फेरविचार आणि मग स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे अपील. ठरलेला, साधा रस्ता. पण तिथल्या सरकारने २०१२ चा कायदा करून एप्रिल २०१३ पासून अशा प्रकरणांची सरकारी वकिली मदत जवळपास बंदच करून टाकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० सालीच गोल्डबर्ग प्रकरणात सांगितलं की चालू मदत बंद करण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्या. आपल्याकडे वकील फुकट, पण अनुदानाच्या तंट्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण नाही. गेलं तर महसुलाच्याच उतरंडीत वर वर जायचं. फुकट वकिलाची ही कल्पना आपल्याकडे जुनी. मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली तिच्यासाठी समिती नेमली होती. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं, त्यामुळे तिचा आपल्याशी काही संबंध आला नाही. त्यांचेच चिरंजीव पी. एन. भगवती यांनी पुढे हा विषय देशपातळीवर लावून धरला आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो ‘३९ अ’ या कलमात आला.

महसुलातली उतरंड संपली, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडेही दाद मिळाली नाही, की उरतं उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे दिलेला अर्ज आणि त्याचं उत्तरही पुढे फाईलला जोडण्याच्या उपयोगाचं. खंडपीठात कलम २२६ खाली रिट याचिका करता येते. तिथेही उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे आणि तालुक्याची समिती प्रकरण तिच्याकडे पाठवू शकते. न्यायमूर्ती आधी विचारतात की खालचे मार्ग करून पाहिले का. तेव्हा ते शिक्के मारलेले कागद बाहेर काढायचे. रिटला ठरलेली मुदत नाही, पण तीन-चार वर्षं गप्प बसून मग आलात तर उशिराचा जाब द्यावा लागतो. निकाल बाजूने लागला तरी न्यायालय बहुधा स्वतः अनुदान मंजूर करत नाही. आदेश रद्द करून, म्हणणं ऐकून इतक्या आठवड्यांत नव्याने निर्णय घ्या असं सांगतं आणि प्रकरण पुन्हा नांदगावच्या त्याच टेबलावर येतं. म्हणून याचिकेतच, आणि खालच्या प्रत्येक अर्जातही, बंद झाल्या महिन्यापासूनची थकबाकी वेगळी मागून ठेवावी. ती मागितली नाही तर अनुदान चालू होतं ते नव्या आदेशाच्या तारखेपासून, आणि मधल्या महिन्यांचे पैसे मिळवायला पुन्हा पहिल्यापासून अर्ज.